जरा कळ काढ

मी एक जुना कळफलक आहे, मित्रांनो. तुम्ही मला कीबोर्ड म्हणाल, म्हणा बापडे. एके काळी मी पांढराशुभ्र होतो, आता चहा सांडलेल्या कागदासारखा पिवळट झालो आहे. वजनाने मात्र आजही भारी आहे, आणि मतांनी तर त्याहून भारी. संगणकावरच्या खेळांमधले मला जेवढे कळते तेवढे फार थोड्यांना कळत असेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. खेळ पडद्यावर दिसतो, पण त्याचा मार खातो तो कळफलक.

ज्या कारखान्यात मी जन्मलो, तिथे घाईचे काम नव्हते. माझ्या प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग बसवली गेली. कळ दाबली की 'टक्' असा खणखणीत आवाज येई. तिथून मी एका छापखान्यात गेलो. तिथे अक्षरजुळणी करणारी एक बाई होती. तिची बोटे इतकी झरझर चालत की छापखान्याचा मालक म्हणायचा, "बाई, त्या कळफलकाला जरा दम तरी खाऊ द्या!" ही कौतुकाची पाठीवरची थाप अर्धी तिला आणि अर्धी मला होती, असे मी धरून चालतो.

छापखान्यात नवी यंत्रे आली तेव्हा तिने जुना संगणक आणि मला घरी नेले. त्या घरात तिच्या भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही तिला आत्याच म्हणतो.

दिवसभर गंभीर चेहऱ्याने काम करणारी ही आत्या संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायची आणि खेळात बुडून जायची. भिंतीवर चेंडू आपटून विटा फोडायच्या, वरून पडणारे ठोकळे रचायचे, चक्रव्यूहातून पळायचे. तीन जीव मिळायचे. ते संपले की खेळ पहिल्यापासून! मध्येच जपून ठेवायची सोय नव्हती, की कुणी कानात उत्तर सांगणारे नव्हते. तिसऱ्या जीवावर आली की आत्या श्वास रोखायची, आणि तिच्याबरोबर माझ्याही सगळ्या कळा सावध व्हायच्या.

आता माझी मते ऐका. आजचे मोठमोठे खेळ दिसायला देखणे असतात. गवताचे पाते न् पाते हलते. पण पहिला तासभर ते तुम्हाला बोट धरून चालवतात. हे दाबा, तिकडे वळा, शाब्बास! अरे, खेळणारा काय कुक्कुलं बाळ आहे? त्यापेक्षा एकट्यादुकट्याने घरी बसून केलेले छोटे खेळ मला आवडतात. त्यांत करणाऱ्याचा स्वभाव दिसतो. मात्र त्यांचेही सगळेच गोड मानून घेणारा मी नाही. चौकोनी चौकोनी चित्रे लावली आणि टूं टूं आवाज भरला म्हणजे खेळाला जुन्याची सर येत नाही. जुना खेळ गरिबीने चौकोनी होता, हौसेने नव्हे.

चांगला खेळ कोणता, हे आत्याने एकदा सांगून टाकले होते. "हरल्यावर स्वतःचा राग आला तर खेळ चांगला. खेळाचा राग आला तर तो करणाऱ्याचं चुकलंय." यापलीकडे मला कुणाचे मत ऐकायचे नाही.

आत्याची भाची एका जागी स्वस्थ बसत नसे, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. आत्या खेळत असली की ही तिच्या कोपराला लोंबकळायची. "आत्या, मला दे ना! माझा नंबर कधी?" इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. अख्खे घर बटण म्हणायचे, पण छापखान्यात मुरलेली आत्या कधीही बटण म्हणत नसे. ती 'कळ' म्हणायची. ही कळ दाब, ती कळ सोड. तर त्या दिवशी आत्या शेवटच्या जीवावर होती आणि भिंगरीची भुणभुण थांबेना. पडद्यावरची नजर न हलवता आत्या म्हणाली, "जरा कळ काढ गं!"

थोडा धीर धर, एवढेच तिला म्हणायचे होते. पण भिंगरी आज्ञाधारक निघाली. तिने माझ्या सगळ्यांत लांब कळेखाली, स्पेसबारखाली, नखे घातली आणि सर्व जोर लावून ती उपटून काढली. वर हातात धरून विचारले, "काढली. आता माझा नंबर?"

आत्याचा शेवटचा जीव गेला. ती रागावणार, असे मला वाटले. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. मी मात्र हसलो नाही. कळ परत बसवली, पण तिच्याखालची तार जराशी वाकली ती वाकलीच. तेव्हापासून माझा स्पेसबार दाबला की पटकन खाली जातो आणि वर यायला रेंगाळतो. दोघींच्या बोटांना त्याची इतकी सवय झाली की पुढे कुणाच्या ते लक्षातही राहिले नाही.

वर्षे गेली. रंगीत दिवे लावून मिरवणारे कळफलक घरात आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ खात पडणे म्हणजे काय, ते मी तिथे अक्षरशः शिकलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण माझी स्प्रिंग अजून ताठ होती, आणि बोलावणे येणार याची मला खात्री होती.

ते आले. मोठी झालेली भिंगरी स्टुलावर चढली, तिने मला खाली काढले, ब्रशने माझी कळ न् कळ साफ केली आणि म्हणाली, "मी खेळ बनवतेय. तुझ्यावरच बनवणार."

तिच्या खेळात एक किटली होती. घराचा रस्ता चुकलेली ही किटली गच्च्यांवरून उड्या मारत परत निघते. स्पेसबार जितका वेळ दाबलेला राहील तितकी उडी लांब. जीव तीनच. पडली की झाकण खळ्ळकन वाजे आणि हसू येई. मी तुम्हाला शब्द देतो, खेळ अस्सल होता. भिंगरीने तो आत्याखेरीज कुणालाही दाखवला नाही, आणि आत्याने तो माझ्यावरच खेळून पाहिला. मग छोटे खेळ करणाऱ्यांच्या मेळाव्यात तिला एक टेबल मिळाले. निघताना ती आत्याला म्हणाली, "लोकांना नाही आवडला ना, तर पुन्हा या वाटेला जायची नाही मी. नोकरी एके नोकरी."

तिने मला पिशवीत घालून बरोबर नेले, पण टेबलावर आधीच एक चकचकीत नवा कळफलक मांडलेला होता. मी राहिलो टेबलाखाली पिशवीत. भिंगरी बाजूला हात चोळत उभी राहिली. स्वतः खेळून दाखवायचाही तिला धीर होईना.

पहिले एक संगीतशिक्षक बसले. खळ्ळ. पुन्हा खळ्ळ. तिन्ही जीव पहिल्याच गच्चीवर गेले. त्यांच्यामागून आलेल्या जोडप्याचेही तेच. "उडीच बसत नाही हो," ते म्हणाले आणि शेजारच्या टेबलाकडे वळले. मला पिशवीतून सगळे कळत होते. नव्या कळफलकाचा स्पेसबार टिचकी मारताच झटकन वर येत होता, आणि गच्च्यांमधली अंतरे बेतली होती माझ्या रेंगाळण्यावर! ओरडून सांगावेसे वाटले, पण मला तोंड कुठे आहे?

भिंगरीचा चेहरा उतरला. ती वायर गुंडाळू लागली, तेवढ्यात आत्या आली. "थांब, मला खेळू दे." आत्याने नेहमीसारखी टिचकी मारली. खळ्ळ! तिचे डोळे बारीक झाले. दुसरा जीव, पुन्हा खळ्ळ. शेवटच्या जीवाला तिने बोट लगेच उचलले नाही. किटली ऐटीत पलीकडच्या गच्चीवर उतरली.

"अगं," आत्या पुटपुटली, "जरा कळ काढली की जाते ही."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. भिंगरीने डोक्याला हात लावला. "आत्या, तो स्पेसबार! मी उपटलेला!" आणि भर सभागृहात दोघी खो खो हसत सुटल्या.

मला वाटले, आता मला बाहेर काढून टेबलावर बसवतील. नाही बसवले. भिंगरी म्हणाली, "खेळ सगळ्यांच्या बटणांवर चालला पाहिजे." मला क्षणभर टोचले, पण तिचे बरोबर होते. तिने उडीला हात लावला नाही. पहिल्या गच्चीवर फक्त एक पाटी रंगवली, दाबून धरलेल्या बोटाचे चित्र काढले आणि खाली लिहिले, 'जरा कळ काढा.'

संगीतशिक्षक परत बोलावल्यावर बसले. पाटी वाचून हसले, बोट दाबून धरले आणि किटली उडाली. पहिली गच्ची, दुसरी, तिसरी. मग शेवटचा जीव गेला तेव्हा ते स्वतःच्याच मांडीवर थाप मारून म्हणाले, "छे! माझीच घाई नडली. परत एकदा!"

स्वतःचा राग आला होता त्यांना. आत्याने भिंगरीचा हात घट्ट दाबला. मागे रांग लागली. एका काकूंनी स्पेसबारखाली नख घालून विचारले, "काढायची म्हणजे उपटायची का?" तेव्हा भिंगरी जवळजवळ किंचाळली, "नको! एकदा झालंय ते!"

आता मी भिंगरीच्या टेबलावर असतो. तिचा दुसरा खेळ चालू आहे. तार सरळ करून देतो, असे एक दुरुस्तीवाला म्हणाला होता. तिने त्याला हाकलून दिले. मित्रांनो, जुना खेळ पहिल्या फटक्यात जमला नाही, जुनी वस्तू जरा रेंगाळली, किंवा तुमचे स्वतःचे काम पहिल्याच गच्चीवर आपटले, तर लगेच टाकून देऊ नका. जरा कळ काढा.

फक्त माझी नको.