धर्मेंद्रचा गज

देवमननं ताडपत्रीचा लोखंडी पाईप उपसला आणि धर्मेंद्रच्या डाव्या हातावर हाणला. पहिला घाव बोटांवर, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज समोर माझ्या वांग्यांच्या ओट्यावर आला, इतका साफ. शेवंतीच्या फुलांवर रक्त उडालं. तिसरा घाव डोक्यातच बसला असता, पण मी आणि शेजारच्या ओट्यावरच्या केशवरावानं देवमनला मागून मिठी घातली. त्यानं मला तोंडावर कोपर हाणलं. दात अजून हलतो.

"सोडा मले! तो माह्या जिवावर उठला!" देवमन ओरडत होता.

भांडण रोजचंच. दोघं सख्खे चुलतभाऊ, अमरावतीच्या बाजारात फुलांचे ओटे शेजारी. देवमननं आपले कॅरेट थोडे पलीकडं सरकवले, एवढंच.

"काहून बे, माही जागा तुले आंदन देल्ली काय?" धर्मेंद्र म्हणाला.

"तू कुठं फुलं इकतं? दिवसभर किंगरी घासतं!"

किंगरी म्हणजे धर्मेंद्रचं व्हायोलिन. गुरू कोणी नाही. रद्दीत सापडलेलं एक पुस्तक आणि मोबाईलवरचे हिंदी धडे. बोट चुकलं की तेवढाच तुकडा तो पुन्हा वाजवायचा, इतक्यांदा की माझी वांगीही सुरात यायला हवी होती. आता कुठं एक गाणं सरळ निघत होतं. लेकीच्या, हर्षाच्या हळदीत वाजवायचं कबूल केलं होतं त्यानं. हळद रविवारी.

तारांवर फिरवायच्या त्या काठीला आम्ही सगळे काडी म्हणायचो. पण पुस्तकात छापलं होतं 'गज'. चौथी नापास माणूस, छापील शब्दाचा त्याला भारी मान. काडी म्हटलं की चिडायचा.

तर त्या दिवशी धर्मेंद्र भांडून भांडून कंटाळला. धड्याची वेळ झाली. त्यानं पाठ फिरवली आणि मागं हार ओवत बसलेल्या बायकोला हाक मारली, "जाऊ दे. बेबे, माहा गज आन वं!"

आमच्या बाजारात गज म्हणजे लोखंडाची सळई. देवमननं तेवढंच ऐकलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन बोटं आता वाकणार नाहीत. तिथून सगळे ठाण्यात.

"त्यानं गज मांगतला साहेब. मी मरू काय मंग?" देवमन म्हणाला.

"कुठी हाय गज? आना इकडं," जमादार म्हणाले.

बेबीताईनं पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवला. हातभर काठी, तिला ताणलेले पांढरे केस.

देवमन बघतच राहिला. "हा?"

"मंग कोनता, भाऊजी?"

जमादार हसले. "याच्यानं तं माशी बी मरत नाई." आणि केसांवरून बोट फिरवायला लागले.

"केसाले हात नका लावू साहेब," धर्मेंद्र बोलला. ओठ पांढरे पडलेले. "घाम लागला का तारेले धरत नाई मंग."

जमादारांनी हात मागं घेतला.

"दादा, काडी म्हन्ला असता तं..." देवमन म्हणाला.

धर्मेंद्रनं त्याच्याकडं पाहिलं नाही. गज काखेत दाबून टोकाचा स्क्रू एका हातानं फिरवायला गेला. जमेना. देवमननं हात पुढं केला. धर्मेंद्रनं गज बेबीताईकडं दिला.

"ढिला कर. वाजवाचा नसला का ताण ठेवू नाई."

"कोनीकडं फिरवू?"

"उलटा."

ती फिरवत गेली. ताठ केस सैल झाले, मग लोंबायला लागले. तिनं वर पाहिलं.

"आनखी," तो म्हणाला.