कपाटामागची भिंत

कपाटाचा मागचा पाय फरशीवर नीट बसला की नाही, हे रंगाऱ्याने वाकून पाहिलं आणि पुन्हा एकदा भिंत हुंगली. नव्या रंगाचा वास येत होता; खालच्या ओलीचा नव्हता. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, पण आपल्याच घरात चोरासारखं हुंगत फिरायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"झालं का तुमचं?" बायको म्हणाली. "आल्या त्या."

दारात नर्सबाई होत्या. रंगाऱ्याच्याच चर्चच्या, सकाळच्या उपासनेतून थेट या घराची खरेदी पक्की करायला आलेल्या. पर्समध्ये जन्मभराच्या नोकरीची पुंजी चेक होऊन बसली होती. ओलीची गोष्ट फुटली, तर किंमत एक तृतीयांशाने उतरणार आणि रंगाऱ्याने दहा वर्षं डोळा ठेवलेलं बाजारातलं दुकान हातचं जाणार.

"घर बघायला सोबत कुणाला आणलं नाहीत?" त्याने विचारलं. आणलं असतं तर बरं झालं असतं, असं आपल्याला का वाटावं, हे त्याला कळेना.

"कुणाला आणू, भाऊ? दर रविवारी तुम्ही सगळ्यांसाठी प्रार्थना करता. तुम्ही घर चांगलं म्हणालात, मला तेवढं पुरे."

शंका घेणाऱ्याला तोंड देता येतं. विश्वास टाकून मोकळं होणाऱ्यापुढे माणसाने करायचं काय?

बाईंनी चेक टेबलावर ठेवला. "पण आधी प्रार्थना होऊ दे. तुम्हीच करा."

"थोडक्यात हं," बायको म्हणाली. "यांची प्रार्थना संपेपर्यंत चहा दोनदा निवतो."

तिघांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," त्याने नेहमीच्या सुरात सुरुवात केली, "हे घर तू आम्हाला दिलंस. तू सगळं जाणतोस. तुझ्यापासून काहीही लपलेलं..."

तिथे गाडी अडली. हे वाक्य त्याने हजारदा म्हटलं असेल, पण आता पुढचा एवढासा शब्द तोंडातून निघेना.

बायकोने कोपराने डिवचलं. "आमेन," तिनेच उरकून टाकलं.

"गलबलून येणारच," नर्सबाई हळूच म्हणाल्या. "राहतं घर आहे." आणि त्यांनी चेक त्याच्यापुढे सरकवला.

"थांबा, बाई. संपली नाही अजून."

त्याने पुन्हा डोळे घट्ट मिटले. उघडून बायकोकडे बघायची छाती नव्हती.

"पित्या, त्या कपाटामागे ओल आहे. दर पावसाळ्यात येते. परवाच मी वरून रंग चढवला. आणि कपाट..." कपाटाची कल्पना बायकोची होती. "कपाटही मीच लावलं."

मग फरशीवर लाकूड कर्रकन घासलं.

त्याने डोळे उघडले. बायको खांदा लावून कपाट ढकलत होती.

"बघत काय राहिलात?" त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली. "हात लावा. एकटीने हलायचं नाही हे."