मराठीत सांग

शनिवारी सकाळी साडेदहाला दिल्ली कँटोन्मेंटमधले लष्करी हवालदार पांडू जगताप बायको कांता आणि मुलगी शिवांजली यांना घेऊन ग्रेटर नोएडातल्या एका खाजगी विद्यापीठाच्या रिसेप्शनमध्ये आले, आणि प्रवेश विभागाच्या भाटियांनी सलोनीला हाक मारली.

"महाराष्ट्र से हैं. तू संभाल. अपनी मराठी में समझा दे, बेटा."

सलोनीनं हॉस्टेलवर राहून बायोटेक्नॉलॉजीचं पहिलं वर्ष संपवलं होतं. ती त्या कोर्सची स्टुडंट अँबॅसेडर होती. जूनच्या उकाड्यात निळा ब्लेझर घालायचा, आलेल्या पालकांना इमारत, लॅब, हॉस्टेल दाखवायचं आणि हसत राहायचं, हे काम. पुण्याच्या एका कॉलेजात तिला दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली होती. त्यासाठी इथलं ना-हरकत पत्र हवं होतं आणि त्यावर सही भाटियांची. "पहले सीज़न निकलने दे," असं ते महिनाभर म्हणत होते.

"दिल्लीत सरोजिनी नगरची व्हय तू? सरकारी क्वार्टरातली?" जिना चढताना कांतानं विचारलं.

"हो, काकू. पप्पा मिनिस्ट्रीत आहेत. बिल्कुल मार्केटच्या मागेच राहतो आम्ही."

"मराठी पातळ झालंय गं तुझं. मेसमधल्या डाळीवानी."

शिवांजली फिसकन हसली. सलोनीही हसली. मग ब्लेझरवरचा बिल्ला सरळच होता, तो तिनं पुन्हा सरळ केला.

लॅबचं दार भाटियांनी स्वतः उघडलं. ते आज शेवटपर्यंत सोबतच राहणार होते. कँटोन्मेंटमधलं एक घर आलं की त्याच्यामागून चार येतात, हा त्यांचा अनुभव होता. ओट्यांवर नवी उपकरणं ओळीनं मांडलेली होती. काहींवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. खिडकीबाहेर कापलेली शेतं आणि त्यांच्यात उभे अर्धवट टॉवर.

"ताई, हे सगळं तुम्ही स्वतः वापरता?" शिवांजलीनं विचारलं.

सलोनीनं भाटियांकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये बघत होते, पण कान इकडे होते. लॅब, फॅकल्टी, प्लेसमेंट यांतला एकही शब्द उच्चारून चालणार नव्हतं. शिक्षक, प्रयोग, नोकरी हे हिंदीतही तेच. शाळेत मराठी ती कधी शिकली नव्हती. तिच्याकडे उरलं ते आईच्या स्वयंपाकघरातलं मराठी.

"काकू," चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ती म्हणाली, "ही भांडीकुंडी नुसती मांडून ठेवलीत. वर्षभरात एकदाही चूल पेटली नाही. शिजवणारे पाच होते, त्यातले तिघं सोडून गेले. आणि आमच्या आधीची पंगत इथून उठली ना, ती अजून उपाशीच आहे."

कांताचा पदराशी चाळा करणारा हात थांबला. पांडूंनी एका यंत्रावरचं प्लास्टिक बोटानं उचकटून पाहिलं आणि परत नीट बसवलं.

"चूल्हा?" भाटिया म्हणाले. "मेस का पूछ रहे हैं?"

"जी सर. खाने का."

"अरे, मेस तो फर्स्ट क्लास है! पूरा एसी."

पांडूंनी मान हलवली. मग ते म्हणाले, "साहब, फॉर्म दे दीजिए."

भाटिया फॉर्म आणायला लगबगीनं खाली गेले. सलोनी पांडूंच्या जवळ सरकली.

"काका, तुम्हाला समजलं ना, मी काय सांगितलं ते?"

"समजलं की. मास्तर न्हाईत आन् पुढं नोकरी न्हाई."

"मग?"

"जुलैत पलटण वर बॉर्डरला जाणार. क्वार्टर सुटणार. हिला गावी पाठवली तर चुलता स्थळ काढून बसलाय, दिवाळीच्या आत उजवील. शिकतीया म्हटल्यावर तीन वर्सं तरी कुणी नाव काढत न्हाई. दुसरीकडं कुठं नंबर लागला न्हाई तिचा. आन् सगळी कालिजं बघितली आम्ही. समदी ग्वाड बोलली. खरं बोलली ती तू एकली."

कांतानं सलोनीचं मनगट धरलं.

"अजून दोन वर्सं हायेस न्हवं तू हितं? हिच्याकडं बघशील? थोरल्या भैणीवानी?"

शिवांजली ओट्यापाशी उभी होती. ती आता हसत नव्हती, सलोनीच्या तोंडाकडे बघत होती. जिन्यावर भाटियांची पावलं वाजली.

"हो," सलोनी म्हणाली.

सोमवारी जगतापांनी फी भरली. मंगळवारी भाटियांनी सलोनीला केबिनमध्ये बोलावून ना-हरकत पत्रावर सही केली. "तूने तो कमाल कर दिया, यार," ते म्हणाले. कँटोन्मेंटमधून आणखी तीन घरं चौकशी करत होती. ती घरं येत्या शनिवारी येणार होती आणि तिन्ही घरांनी मराठी बोलणारी मुलगीच हवी, असं सांगितलं होतं. तोवर सलोनी इथंच असेल, असं भाटिया धरून चालले होते.

सलोनीच्या वडिलांनी, दत्तात्रयांनी, तिचं शुक्रवारचं पुण्याचं तिकीट काढलं.

गुरुवारी संध्याकाळी सलोनी क्वार्टरवर बॅग भरत होती, तेव्हा तिच्या मोबाईलवर फोन आला. शिवांजली होती. हॉस्टेलमध्ये ताईच्या शेजारची खोली मिळेल का, असं आईनं विचारायला सांगितलं होतं.

सलोनी म्हणाली, विचारून सांगते.