बाभळीचा पाय

सरजाबाईंनी ओले हात पदराला पुसले आणि टेबलावरच्या चित्रावर वाकून त्यातल्या खुर्चीचे पाय न्याहाळू लागल्या.

"हात लावू नका बरं. पाणी लागलं की रंग ओघळतो," चित्रकलेचे गुरुलिंग सर म्हणाले.

लातूर जिल्हा झाला आणि औशाच्या या शाळेलाही नटण्याचा ताप भरला. लोखंडी खुर्च्या आल्या. हेडमास्तरांची निजामाच्या काळातली सागवानी खुर्ची वसतिगृहाच्या चुलीत गेली. त्याआधी सरांनी तिचं जलरंगातलं चित्र काढून ठेवलं होतं. आता ते नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाणार होतं.

चित्र खरंच सुरेख होतं. हातांवरची कोरीव पानं, झिजून गुळगुळीत झालेली कड, पाठीच्या वेतातून दिसणारी भिंत. सरजाबाईंचं त्यातल्या कशाकडंही लक्ष नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात या खुर्चीचा मागचा पाय मोडला, तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं, निवृत्ती सुतारानं, तिला बाभळीचा पाय बसवला होता. पुढच्या वर्षी निवृत्ती गेले. घरात त्यांचा एक फोटोही नव्हता. शाळा झाडताना बाई त्या काळपट पायावर रोज जरा जास्तच वेळ फडकं फिरवत. खुर्ची गेली, निदान चित्रात तरी तो पाय असेल, एवढ्याच आशेनं त्या आल्या होत्या.

चित्रात चारही पाय एकसारखे तांबूस होते.

"एक पाय इजोड व्हता की, सर."

"तो होय! डोळ्यांत खुपायचा. मी सागाचाच करून टाकला," सर खुशीत म्हणाले.

बाई पुन्हा चित्रावर वाकल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण काहीच आलं नाही.

"त्यो आमच्या मालकानं बसवलेला."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं ब्रश पाण्यात बुडवला, काळ्यात तपकिरी रंग कालवला.

"आत्ता करतो. काळपटच होता ना?"

ब्रश कागदाला टेकणार, तोच बाईंनी सरांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या. मालक समदं लातूर पालथं घालून आलते. दुष्काळात सागाचा तुकडा मिळाला न्हाई. लई लागलं व्हतं मनाला. जाईस्तोवर म्हणायचे, सरजे, त्यो पाय तेवढा बदलायचा ऱ्हायलाय."

त्यांनी मनगट सोडलं आणि चित्राकडं पुन्हा न बघता त्या बाहेर गेल्या.