ओकेला सुट्टी द्या

मी एक जुना, परदेशातून आलेला शब्द आहे. नाव ओके. माझ्या जन्माबद्दल विद्वानांचं एकमत नाही, त्यामुळे माझा वाढदिवस कुणी करत नाही. आलो तेव्हा सामान थोडं होतं, एकच अर्थ: ठीक आहे. मित्रांनो, आता माझ्या पाठीवर इतके अर्थ लादले आहेत की आरशात मीच मला ओळखत नाही.

ऑफिसात मी परवानगी असतो. "साहेबांचं ओके आलं का?" असं लोक श्वास रोखून विचारतात. फोन ठेवताना मला तीन-चारदा घाईघाईने म्हणतात, आणि तरी फोन ठेवत नाहीत. बायकोने नवऱ्याला मोबाइलवर नुसतं 'ओके' पाठवलं, तर नवऱ्याने जेवण बाहेरच उरकून यावं. इतर शब्द दोनदा म्हटले की वजन वाढतं. मी दोनदा आलो की निम्मा होतो. "सिनेमा ओके-ओके होता," म्हणजे मध्यंतरानंतर झोप लागली. हे सगळं मी सोसलं. हमालाने ओझ्याशी भांडू नये.

पण आजचं ओझं मला पेलवत नाही.

तसा मी सगळ्यांच्याच तोंडी असतो, पण माझा खरा मुक्काम लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांच्या कामात मला केवढा मान होता! जोडीदार वर मशीनच्या खोलीत, उस्ताद खाली खड्ड्यात. मधल्या पोकळीत 'हो' आणि 'नको' घुमून सारखेच ऐकू येतात, म्हणून तिथे फक्त मी चालायचो. वरून "ओके?" यायचं, खालून "ओके" गेलं की लिफ्ट हलायची. खालून मी गेलो नाही, तर सगळं जागच्या जागी थांबायचं.

शिस्त चांगली. पण उस्तादांनी ती घरी आणली. आमटी कशी झालीय? ओके. मुलगी परगावी नोकरीला जाते म्हणतेय, जाऊ द्यायचं ना? ओके. त्या ओकेच्या मागे केवढा हुंदका होता ते मला ठाऊक, कारण त्याला अडवायला मलाच दारात उभं केलं होतं. बायको एकदा म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा लिफ्टचं बटण दाबलेलं बरं. निदान दिवा तरी लागतो." उस्ताद म्हणाले, "ओके."

आज दुपारी जेवता जेवता त्यांनी घास ताटात ठेवला आणि डावा दंड चोळू लागले. कपाळावर घाम. मी जिभेमागे बसलेला, मला आतलं सगळं कळत होतं. छातीत कुणीतरी पान्याने नट आवळावा तसं चाललं होतं.

"काय होतंय हो?" बायकोने विचारलं.

मी दातांना धरून बसलो. शब्दाला हात नसतात, तरी धरून बसलो. उस्तादांनी मला बाहेर ढकललंच. "ओके."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आवाज असा का येतोय? बरं आहे ना?"

"ओके."

"मग ठीक. संध्याकाळी करते."

तिने विश्वास ठेवला. माझ्यावर! मी खोटा आहे, पोरी, असं मला ओरडायचं होतं. पण मला ओरडता येतं ते फक्त माझंच नाव.

बायकोने ताट बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर बसली. "अहो, माझ्याकडे बघा. ओके म्हणायचं नाही. दुसरं काहीही म्हणा. शिवी द्या हवं तर."

उस्तादांचे ओठ हलले. बाहेर काही येईना. एका मला पोसून त्यांनी बाकीच्या शब्दांना उपाशी मारलं होतं. शेवटी म्हणाले, "मी ओके नाही म्हटलं तर सगळं थांबेल गं."

"थांबू द्या की. कोण अडकलंय आत?"

"मीच," उस्ताद म्हणाले. "दुखतंय. फार दुखतंय."

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात आणलं. आता ते आत आहेत, दार बंद आहे. डॉक्टर "उशीर झालाय, प्रयत्न करतोय" एवढंच म्हणाले. त्यांनी मला वापरलं नाही, यासाठी मी त्यांचा आभारी आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मी कशानेही मरत नाही. तुम्ही मरता. मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवा, साहेबांच्या सहीशेजारी बसवा, टुकार सिनेमावर दोनदा आपटा. पण जिथे दुखतंय तिथे मला पहाऱ्याला उभं करू नका. पाया पडतो.

बाहेर बाकावर बायको एकटी बसली आहे. मुलगी निघाली आहे. तिचा मेसेज आला: आई, तू कशी आहेस?

बायकोने 'ओ' लिहिला. मोबाइलने तत्परतेने मला अख्खाच पुढे केला. तिचा अंगठा माझ्यावर आला, तिथेच थबकला. मी डोळे मिटले.

मग तिने 'ओ' पुसला आणि लिहिलं: घाबरलेय. लवकर ये.