कमलाक्षीआत्येची रविक्कै

कात्री हातातून निसटली आणि लाल जमिनीवर खणकन पडली. भर दुपारच्या त्या गपगार घरात तेवढाच आवाज. झोळीतल्या बाळानं ओठ काढले. मी पायाच्या अंगठ्यानं झोका दिला तसं ते पुन्हा निजलं. पलीकडं सासूबाई घोरत होत्या म्हणून बरं, जाग्या झाल्या असत्या तर "झाली की नाही गे अजून?" म्हणून विचारलं असतं, आणि मला मिळालेला तो घटकाभर वेळ तिथंच सरला असता.

मी रविक्कै शिवत होते. आमच्या कावेरीकाठी चोळीला रविक्कैच म्हणतात. मराठा राजांच्या वेळी इकडं तमिळ मुलखात आलेली आमची घरं अजून मराठी बोलतात, पण अंगावरच्या कपड्यांना शेजाऱ्यांचीच नावं घेतात. आणि ही शिवत होते कमलाक्षीआत्येसाठी.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. वयात आली न आली तोच नवरा गेला. केस गेले, कुंकू गेलं, त्याच दिवशी चोळीही काढून घेतली. तेव्हापासून विटकरी लुगड्याचा एक पदर डोक्यावरून आणि उघड्या खांद्यांवरून. त्याच वेशात तिनं स्वयंपाक केला, भावाची पोरं न्हाऊमाखू घातली, बांधावर उभं राहून लावणी करून घेतली. तिचे खांदे उन्हानं पाठीपेक्षा काळे झालेत. माझी अंबा एकदा तिच्या मांडीवर बसून विचारत होती, "आत्याआजी, तुला रविक्कै कां नाही?" सासूबाईच बोलल्या, "तिचे यजमान नाहीत गे. यजमान नसले की घालूं नये." अंबेला पटलं. पाच वर्षांच्या पोरीला काय, सांगितलं की पटतं.

आणि आता त्याच सासूबाई आत्येला रविक्कै घाल म्हणत होत्या.

झालं होतं असं, की माझ्या नणंदेला, कनकलतेला पाहायला मद्रासची माणसं येणार होती. कनकचं वय वाढत चाललेलं. दोन ठिकाणी होत होत मोडलेलं. मुलगा सरकारी कचेरीत. त्याची बहीण हातात घड्याळ बांधते असं ऐकल्यापासून सासरे सांबशिवराव झोपाळ्यावर धड बसत नव्हते.

"अक्का," ते एका सकाळी बोलले, "तेवढा एक दिवस तूं अंगात कांही घाल. शहरची माणसं. तूं अशी उघडी अंगणातून हिंडलीस तर काय बोलतील?"

आत्या तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"उघडी?" ती हसली. "एवढी वर्षं उघडी आहे, सांबा. तुला आज दिसले?"

"तसं नव्हे अक्का," सासूबाई मध्ये पडल्या, "काळ बदलला. आता शहरात म्हाताऱ्यासुद्धा अंग झाकतात. आपल्या कनकसाठी की."

ओट्यावर काप्पी पीत बसलेले शेजारचे कल्याणराम तिथूनच ओरडले, "छे छे! विधवेनं या वयात शिवलेलं लेणं? गाव काय बोलेल, सांबशिवा? आज रविक्कै, उद्या तिला गजरा हवा होईल!"

"तुम्ही काप्पी प्या, निवेल," सासूबाई बोलल्या.

"आमच्या आजीनं मरेपर्यंत अंगाला सुई लागलेलं कापड लावलं नाही. म्हातारीच्या अंगाकडं पाहतो कोण?"

"पाहत नाही कोणी, तर मग तंटा कसला?" आत्या बोलली. सूप पुन्हा हलायला लागलं. "एक बोलतो घाल, एक बोलतो घालूं नको. अंग कोणाचं, ते विचारायला दोघांना वेळ नाही." मग भावाकडं न पाहता म्हणाली, "सांबा, मार्गळीची थंडी होती. आपल्या अप्पांच्या फाटक्या धोतराची मी एक शिवली होती. पदराखाली कोणाला दिसलीही नसती. अप्पांना जाऊन कोणी सांगितलं?"

सासरे झोपाळ्याच्या कडीकडं पाहत राहिले. "मी लहान होतों अक्का."

"होतास. चुलीत घातली त्यांनी ती. वास अजून नाकात आहे."

शेवटी कनक दाराआडून रडवेल्या आवाजात बोलली, "नको असलं तर राहू दे गे आत्ये. माझं काय, मोडेल आणि एक." तेवढं ऐकून आत्येनं सूप खाली ठेवलं. "सरी, घालते," ती म्हणाली. "राजमला शिवायला सांगा. शिंपी नको."

राजम म्हणजे मी.

माप घ्यायला मी तिच्याबरोबर वाफ्यापाशी गेले. घरात तिला अवघड झालं असतं. कालव्याला नुकतं पाणी आलेलं, चिखलाला तो पहिल्या ओलीचा उग्र वास. भाताचं बी पेरलेलं आणि त्यावर चिमण्यांची झुंबड. मध्ये एक बुजगावणं, दोन बांबू आणि वर फुटकं मडकं. त्याच्या अंगावरची गोणी वाऱ्यानं कधीच उडालेली. मारियायी मजुरीण चिमण्या हाकत होती. आत्येच्याच वयाची, तिच्याही अंगात रविक्कै नाही. मी दोरा आत्येच्या खांद्यावर धरलेला पाहून ती तमिळमध्ये ओरडली, "काय हो अम्मा, आता नवरी होता काय?"

"हो गे," आत्याही तमिळमध्येच, "तूं ये वाजंत्री घेऊन!"

"माझी सून पण मागं लागलीय, घाल घाल म्हणून. मी सांगते, आमच्या आईला जमीनदारांपुढं खांदे झाकायची बंदी होती. आता झाकले नाहीत तर पोरांना लाज! म्हाताऱ्या बाईनं काय, रोज उठून विचारायचं, आज काय दाखवूं, काय लपवूं?"

आत्या हसली नाही. माझ्या हातातल्या दोऱ्याकडं पाहत हळूच म्हणाली, "राजम, बाह्या कोपरापर्यंत ठेव. थंडीत तिथंच वारा लागतो." पदर सारखा केला. "रंग नको. पांढरीच. पण आतून, दिसणार नाही तिथं... एक ओळ तांबड्या दोऱ्याची घालशील?"

बाळ निजलं की शिवायचं, उठलं की छातीशी धरायचं, असं करत मी ती पुरी केली. काखेच्या आतून तांबडी ओळ घातली. आत्येनं ती बोटानं चाचपून पाहिली, पुन्हा पुन्हा, जसं मी बाळाचे कान चाचपते.

पाहुण्यांच्या दिवशी आत्येनं पहाटे न्हाऊन ओलेत्यानं, सोवळ्यात सगळा स्वयंपाक उरकला. मग आत गेली आणि रविक्कै घालून बाहेर आली. हात वर होईना, घडी घडी खांदा उडवी. पण कनक म्हणाली, "आत्ये, किती बरी दिसतीस!" तशी ती पदराचं टोक तोंडाशी धरून अशी लाजली की मला तिचं नवरा जाण्याआधीचं, पोरवयातलं तोंड दिसलं.

पापनाशमच्या स्टेशनावरून गाड्या आल्या. मुलगा उतरला, आईबाप उतरले, घड्याळवाली बहीण उतरली. आणि शेवटी, कोणी कळवलं नव्हतं, काठी टेकत मुलाची आजी उतरली. कुंभकोणमला लेकीकडं होती म्हणे, वाटेत आगगाडीत चढली. डोकं तुळतुळीत, विटकरी लुगडं, खांदे उघडे.

सासऱ्यांचं तोंडच उतरलं. मद्रासकडं डोळे लावून बसलेल्या आमच्या घरात त्यांच्याकडंही अशी एक सोवळी म्हातारी असेल हा विचारच कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

पानं मांडली. आजी पानावर बसली आणि तिनं विचारलं, "रांधलं कोणी? सोवळ्यातलं आहे की?"

"आमच्या अक्कानं," सासूबाई घाईनं बोलल्या, आणि आत्या भाताचं भांडं घेऊन पुढं आली.

आजीनं तिला पायापासून वर पाहिलं. नजर बाहीपाशी थांबली. तिनं पान पुढं सारलं. "शिवलेलं लेऊन रांधणारीच्या हातचं मी पाणीसुद्धा घेत नाही. चला रे, उठा."

मुलगा खाली मान घालून बसला. घड्याळवाली बहीण "पाट्टी, असं काय करता" एवढंच आजीपाशी पुटपुटली. आणि मग माझे सासरे उठले. मोठ्यानं बोलले, आत्येकडं बोट करून:

"अक्का! किती वेळा सांगितलं तुला! या वयात ही हौस कसली? लाज आणलीस घराला!"

मी वाढत होते, हातातली पळी तशीच राहिली. "मामंजी, तुम्हीच तर..." एवढं तोंडून गेलं. आत्येनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, मग दाराशी उभ्या कनककडं पाहिलं. मी पळी पुन्हा भांड्यात बुडवली.

"चुकलं माझं," आत्या आजीला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "म्हातारीला खूळ लागलं. रांधताना अंगात नव्हती. आता काढून, न्हाऊन येते."

विहिरीवर रहाट वाजला. डोक्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. आत्या ओल्या लुगड्यात परत आली, खांदे उघडे, आणि तिनं सगळ्या पानांवर भात वाढला. आजी पोटभर जेवली. जाताना कनकच्या तोंडावरून हात फिरवला. लग्न ठरलं.

संध्याकाळी सासरे परसदारी आले. आत्या भांडी घासत होती. "ती टाकूं नको अक्का," ते खालच्या आवाजात बोलले. "लग्नात फोटोवाला येईल. म्हातारी काय, तेव्हा कोपऱ्यात बसेल. तेवढ्यापुरती घालायची."

"सरी," आत्या म्हणाली. राखेचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे शेताचं पाणी पाहायला गेले आणि लगेच परतले. झोपाळ्यावर बसले, पण झोका घेतला नाही. काप्पी दिली ती तशीच निवली. मी बाळाला कडेवर घेतलं, अंबेचं बोट धरलं आणि आत्येची न्याहारी घेऊन बांधावर गेले.

वाफ्यात बुजगावण्याच्या अंगात ती पांढरी रविक्कै होती. उलटी घातलेली, आतली बाजू वर. माझी तांबडी ओळ उन्हात लांबून दिसत होती. बाह्या वाऱ्यानं फुगत होत्या आणि एकही चिमणी खाली बसत नव्हती. कालव्याच्या वाटेनं जाणारे थांबून पाहत होते. कल्याणराम तर छत्री टेकून उभेच होते. मारियायी चिमण्या हाकायचं सोडून बांधावर बसली होती.

पलीकडं आत्या गुडघाभर चिखलात, कुदळीनं पाण्याची वाट मोडत होती. उघडे काळे खांदे वरखाली होत होते. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही.

अंबा बराच वेळ बुजगावण्याकडं पाहत राहिली. मग माझा पदर ओढून म्हणाली,

"आई, ह्याचे यजमान आहेत कां गे?"