एकोणीस दिवसांच्या नोंदी

लेकीने लॅपटॉप इतक्या जोरात पुढे ढकलला, की चहा हिंदकळून बशीत सांडला.

“हळू,” खुर्चीमागे उभे असलेले वडील म्हणाले. “टेबलाने तुझं काय घोडं मारलंय?”

“बाबा, आधी मागून बाजूला व्हा. मानेवर कोणी श्वास सोडत असलं की मला काम सुचत नाही.”

ते हलले नाहीत. स्क्रीनवर लाल चौकट तशीच होती. सर्व्हर सापडत नाही.

टेबलाखाली प्रयोगशाळेतला जुना काँप्युटर घरघरत होता. गावाच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत वडिलांनी एकतीस वर्षं एकमेव रसायनतज्ज्ञ म्हणून काढली. ती बंद झाली तेव्हा भंगारात निघालेला हा डबा त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणला, कारण सात विहिरींचे रोजचे आकडे त्याच्याच पोटात होते. विहिरींच्या वरच्या अंगाला कातडी कमावण्याचा कारखाना होता. त्याचं पाणी विहिरींत उतरतं की नाही, यावर उद्या अकरा वाजता सुनावणी होती आणि मुख्य साक्षीदार हेच. आकडे बघायला त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर कसलासा प्रोग्राम टाकला होता. तो आठवडाभर जोडलाच जाईना, तेव्हा आज सकाळी त्यांनी लेकीला फोन केला. कशी आहेस नाही, बरी आहेस का नाही. “तुझ्या धंद्यातलं काम आहे, ये,” एवढंच.

आणि ती आली होती. आई गेल्यानंतर चार वर्षांत पहिल्यांदाच. येताना वाटभर ती स्वतःवरच चरफडत होती.

“राउटर कधी बदललात?”

“गेल्या महिन्यात. त्याचा इथे काय संबंध?”

“नव्या राउटरने या मशीनला नवा पत्ता दिलाय. तुम्ही आठवडाभर जुनाच घालताय.”

“मग तसं लिहून येत नाही?”

“येतं. तुम्ही वाचत नाही, नुसतं बटण दाबत सुटता.”

तिने पत्ता बदलला. आता वेगळी चौकट आली. कनेक्शन नाकारलं.

“बघ! तुलाही जमत नाही.”

“हे बरं आहे. मशीन सापडलं. आतला डेटाबेस तेवढा चालू झालेला नाही.” ती खाली वाकली, जुन्या मशीनला मॉनिटर जोडला आणि फरशीवरच मांडी घालून बसली. डिस्क काठोकाठ भरलेली. जागाच नाही, तर डेटाबेस सुरू होणार कसा! तिने जुन्या लॉगच्या फायली निवडल्या.

“काय पुसतेस?” वडील एकदम ओरडले. “मला विचारल्याशिवाय तिथलं एक अक्षर पुसायचं नाही!”

“ओरडू नका! मशीनने स्वतःची लिहिलेली रोजनिशी आहे ती, फार जुनी. तुमच्या आकड्यांना मी हात लावलेला नाही. कुणाची बिशाद आहे त्यांना हात लावायची? आम्ही मायलेकी त्यांच्यानंतरच्या रांगेत होतो.”

तिने त्या फायली पुसल्या, डेटाबेस सुरू केला. ती उठून पुन्हा खुर्चीत बसली. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यासमोर ठेवली. चिठ्ठीवर दोन नावं आणि दोन पासवर्ड होते. ‘वाचक’ला फक्त आकडे पाहता यायचे, ‘मुख्य’ला ते बदलताही यायचे. तिने मुख्य घातलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा घातलं. चुकीचा. मग वाचक घातलं, आणि डाव्या बाजूला सात विहिरींची सात कोष्टकं एकाखाली एक उघडली.

“झालं,” ती म्हणाली. आज आल्यापासून ती पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलली असेल.

“हे नको. मुख्यचं कर.”

“उद्या छापून न्यायचेत ना? वाचकाला सगळं दिसतं.”

“दिसून काय उपयोग?” ते चिडून म्हणाले. “सांगितलं तेवढं कर ना. प्रत्येक गोष्टीत वाद!”

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“वाद? एकोणीस दिवस आई वॉर्डात होती. रोज सकाळी साडेसातला डबा घेऊन तुम्ही बाहेर पडायचात. ‘विहिरी थांबत नाहीत,’ म्हणायचात. एक दिवस तरी तिच्या खाटेशी आलात का? तेव्हा मी वाद घातला नाही, तिथे चुकलं माझं.”

“आत्ता ते उकरू नकोस.”

“मग कधी उकरू?”

ती स्क्रीनकडे वळली. काम संपवायचं आणि निघायचं. तिने चार नंबरच्या विहिरीच्या नोंदी तारखेने लावल्या आणि सवयीनेच, मधे कुठे खंड पडला आहे का ते शोधणारी ओळ लिहून चालवली.

एकच खंड निघाला. एकोणीस दिवसांचा.

तिने दुसरी विहीर पाहिली. मग सातही. सगळ्यांत त्याच तारखा कोऱ्या होत्या. पहिली तारीख आईला दाखल केलं ती. शेवटची, आई गेली ती. या तारखा तिला कॅलेंडरात बघाव्या लागत नव्हत्या.

ती सावकाश वळली. वडिलांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला होता. त्यावर पेन्सिलीने आखलेले रकाने होते. एकोणीस ओळी, सात रकाने, प्रत्येक घरात एक आकडा.

“कारखान्याच्या वकिलाने रोजच्या नोंदी मागितल्यात,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “आणि मी शपथेवर सांगून बसलोय, रोज घेतल्या म्हणून. हे आधीचे आणि नंतरचे बघून काढलेत. खरे असते तर याहून वाईटच असते.”

“म्हणून मुख्य हवं होतं.”

“पाणी खराब होतं! ती माणसं आजही तेच पाणी पितात. एवढ्याशा खंडावरून तो वकील सगळं उधळून लावेल.”

“दशांशाच्या एका चिन्हावरून तुम्ही माझी वही फेकली होती, बाबा. मी सातवीत होते.” तिने स्क्रीनवरच्या कोऱ्या तारखांकडे बोट केलं. “म्हणजे तुम्ही प्रयोगशाळेत नव्हतात.”

“नव्हतो.”

“मग डबा घेऊन कुठे जात होतात?”

वडिलांनी पेन्सिलीच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“हॉस्पिटलसमोर, रस्त्याच्या पलीकडे बसचा थांबा आहे. तिथल्या बाकावर.”

“दिवसभर?”

“रोज दारापर्यंत जायचो. आत पाऊल पडायचं नाही.”

चार वर्षं ती हेच धरून बसली होती, की या माणसाने बायकोपेक्षा विहिरी निवडल्या. निदान काहीतरी निवडलं होतं. आता तेही हातातून गेलं, आणि राग काही कमी होईना.

“मी आत एकटी होते,” ती म्हणाली. “डॉक्टर काय सांगायचे ते एकटीने ऐकायचे, सह्या एकटीने करायचे. आई विचारायची, कामात आहेत का गं? मी म्हणायचे, हो. आणि तुम्ही रस्ता ओलांडण्याएवढ्या अंतरावर होतात.”

वडिलांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

मग त्यांनी विचारलं, “मुख्यचा पासवर्ड बदलता येतो का तुला?”

“येतो. दोन मिनिटांत. पण कोणती ओळ कधी भरली, ते हे मशीन लिहून ठेवतं. उद्या कोणीही काढून दाखवेल. मग ते एकोणीस दिवसच नाही, एकतीस वर्षं खोटी ठरतील.”

ते बाजूच्या खुर्चीत बसले. तिने प्रिंटर जोडला आणि आकडे होते तसे छापले, कोऱ्या तारखांसकट. पानं एकेक करून बाहेर येत होती तोवर वडिलांनी पेन्सिलीच्या कागदाचे तुकडे करून चहाच्या बशीत टाकले. मग कोरा कागद आणि पेन घेतलं. ‘या एकोणीस दिवसांत नोंदी घेतल्या नाहीत. माझी शपथेवरची साक्ष तेवढ्यापुरती चुकीची होती. कारण,’ इथवर लिहिलं आणि पेन थांबलं.

“तू लिही,” कागद पुढे सरकवत ते म्हणाले. “तुझं अक्षर बरं आहे.”

“नाही.”

तिने पर्स खांद्याला लावली होती. ती काढून तिने मांडीवर ठेवली.

“थोडक्यात लिहितो मग,” वडील म्हणाले. “वकिलाला पुरेल एवढं.”

“मला पुरेल एवढं लिहा,” ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खण उघडून आणखी काही कोरे कागद बाहेर काढले.